केळी वेळेत पोचवायची, पण ड्रायव्हरने झोपायचे कधी?

रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या पट्ट्यात केळीची कापणी जोरात असली की संध्याकाळच्या सुमारास फाट्याफाट्यावर ट्रकच्या रांगा दिसतात. कुणाची ताडपत्री बांधणे चालू असते, कुणी काट्यावर नंबर लावून उभा असतो, कुणाची बिल्टी व्हायची राहिलेली असते. यातला बराच माल दिल्ली, पंजाब, उत्तर प्रदेशाकडे जातो. बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर करीत दिल्ली गाठायची म्हणजे अंतर सुमारे हजार किलोमीटर. व्यापारी फोनवर सांगतो, "परवा सकाळच्या बाजारात माल लागला पाहिजे." आपणही मान डोलावतो. हे हजार किलोमीटर गाडी हाकणारा माणूस आदल्या रात्री कुठे होता, किती झोपला, हे मात्र त्या वेळी कोणी विचारीत नाही.

मालमोटार चालवणाऱ्याने दिवसाला किती तास काम करावे याबद्दल आपल्या देशात कायदा आहे, आणि तो काही कालपरवाचा नाही. १९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा झाला, तेव्हापासून ही मर्यादा आहे. आमच्या खात्याचा या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. ड्रायव्हरचे अर्धे तास रस्त्यावर जातात हे खरे, पण उरलेले अर्धे आपल्या बांधावर जातात.

कायदा काय सांगतो

१९६१ च्या कायद्याने प्रौढ कामगारासाठी दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मार्गावर किंवा सणासुदीच्या गर्दीत, अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन, दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत जाता येत असे. सलग ५ तासांहून जास्त काम नाही. त्यानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती. एका दिवसाचे काम संपल्यावर दुसऱ्या दिवसाचे सुरू होण्याआधी निदान ९ तास सलग मोकळे. मधल्या विश्रांतीसकट सारा दिवस १२ तासांच्या पलीकडे ताणायचा नाही. आठवड्यात एक दिवस सुटी. जादा काम करून घेतले तर दुप्पट दराने मजुरी. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ९१ आले. मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवणाऱ्याचे तास १९६१ च्या कायद्याप्रमाणेच राहतील, असे त्यात सांगितले आहे. ठरलेल्या वेळेबाहेर चालकाने काम करू नये आणि मालकाने करूही देऊ नये, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे दोष एकट्या ड्रायव्हरच्या डोक्यावर ठेवलेला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६१ चा जुना कायदा त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला. ८ तासांचा दिवस कायम राहिला, जादा कामाला दुप्पट मोबदलाही राहिला. एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. जुना कायदा ५ किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक संस्थेला लागू होता. नव्या संहितेत हा आकडा १० झाला. आपल्या भागात एकदोन गाड्यांचे मालकच जास्त. त्यामुळे कागदावरचे संरक्षण आधीच तोकडे होते, ते आणखी थोडे आखूड झाले, असे माझे मत आहे.

आणि पाळले किती जाते? त्याचे उत्तर रांगेतल्या कुठल्याही ड्रायव्हरच्या डोळ्यांत दिसते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तासांची अंमलबजावणी होत नसल्याकडे लक्ष वेधले आणि केंद्र सरकारला त्यावर मार्ग काढायला सांगितले. त्याआधी २०२१ साली केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी विमानाच्या वैमानिकाप्रमाणे ट्रकचालकाचेही तास ठरलेले असावेत, असे म्हटले होते. मंत्र्याला असे म्हणावे लागते आणि कायदा साठ वर्षे पुस्तकात पडून असतो, यातच सगळे आले.

बांधावरचे तास

आता आपल्याशी थेट संबंध असलेला भाग. कामाचे तास म्हणजे केवळ स्टेअरिंग हातात असण्याचे तास, असा आपला समज असतो. कायद्याची व्याख्या तशी नाही. १९६१ च्या कायद्यात कामाचा तास म्हणजे चालक मालकाच्या, किंवा त्याची सेवा मागण्याचा हक्क असलेल्या दुसऱ्या कोणाच्याही, ताब्यात असण्याचा वेळ. गाडीची देखभाल दुरुस्ती, हिशेब, सह्या, आणि गाडी भरणे-उतरवणे हेदेखील त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. नव्या संहितेनेही मोटार वाहतूक कामगाराचे तास मोजताना अशी जोडकामे धरली आहेत. चालक खरोखर मोकळा असेल, त्याच्या वेळेचा तो मालक असेल, तर ती विश्रांती. नाहीतर ते काम.

या व्याख्येवर आपली कापणी घासून पाहा. सकाळी सहा-सातला गाडी शेताच्या रस्त्याला लागते. कापणीवाले यायचे असतात. ते आले की कळते, आधी शेजारच्या बागेत जायचे ठरले आहे. अकराला पहिला घड पडतो. मजूर डोक्यावर चुंबळ ठेवून घड आणतात, गाडी थोडी पुढे घ्या, थोडी मागे घ्या, असे दिवसातून दहा वेळा होते. दर वेळी ड्रायव्हर उठतो. दुपारी केबिनचा पत्रा तापलेला असतो, बाहेर सावली म्हणजे बागेत, आणि तिथे पाणी सोडलेले. एका नवतीच्या बागेत गाडी अर्धी भरली, उरलेला माल दुसऱ्याच्या पिलबागेतून घ्यायचा, ते शेत दोन किलोमीटरवर. मग काटा. काट्यावर रांग. संध्याकाळी सातला गाडी महामार्गाला लागते तेव्हा आपण म्हणतो, "दिवसभर आराम झाला त्याचा, आता रातभर चालवील."

मागे एका गावात मी हा विषय काढला तर एक आबा म्हणाले, "भाऊ, त्याले काय झालं? घड का तो उचलतो? बसून तर राहणं आहे." आबांचे चूक नाही. घड उचलणाऱ्याचे श्रम दिसतात, ताटकळणाऱ्याचे दिसत नाहीत. पण त्याच गाडीचा ड्रायव्हर, राजस्थानकडचा पोरगा, मला म्हणाला होता, "साहब, दो रात से पीठ सीधी नहीं की." तो आदल्या रात्री दुसरीकडे माल उतरवून रिकामी गाडी घेऊन आला होता. रिकामी गाडी चालवणे हेही चालवणेच, ते मात्र कोणाच्याच हिशेबात नसते.

कायद्याच्या भाषेत सांगायचे तर आपल्या बांधावर त्याचे आठ तास भरलेले असतात. ज्या क्षणी आपण ताडपत्रीची दोरी आवळतो, त्या क्षणी त्याचा कामाचा दिवस संपलेला असतो. आपल्या लेखी मात्र तो तेव्हा सुरू होतो.

झोप उधारीवर मिळत नाही

सकाळी सहाला उठलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता जागून सतरा तास झालेले असतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली एक तुलना प्रसिद्ध केली. सतरा तास जागलेल्या माणसाचे हातापायांवरचे नियंत्रण, रक्तात १०० मिलिलिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतके ढिले पडते, असे त्यांना दिसले. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारूची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे थेंबभर न घेताही हा माणूस दारूच्या हद्दीपलीकडच्या अवस्थेत गाडी चालवतो. फरक एवढाच की फुंकनळीत काही येत नाही.

सातला निघालेली भरलेली गाडी बऱ्हाणपूर, खंडवा सोडून इंदूरच्या अलीकडच्या घाटाला पोचते तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते. माणसाच्या शरीरात झोपेचा जोर पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो. ही घडी कोणाच्या हिमतीवर चालत नाही. चहा, तंबाखू, गाणी, खिडकीतून वारा, हे उपाय काही मिनिटांचे. खरी भीती डोळे मिटण्याची नसते, उघड्या डोळ्यांनी डुलकी लागते तिची असते. साठच्या वेगाने चाललेली गाडी चार सेकंदांत ६६ मीटर जाते. म्हणजे केळीच्या एका वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी कोणीच चालवत नसते.

अपघाताच्या सरकारी आकड्यांत ही झोप सापडत नाही. २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. कारणांच्या रकान्यात अतिवेग, दारू, उलट्या बाजूने वाहन, सिग्नल तोडणे, मोबाईल असे प्रकार येतात, आणि सत्तर टक्क्यांहून जास्त अपघात अतिवेगाखाली मोडतात. झोपेचा किंवा थकव्याचा वेगळा रकाना नाही. पंचनाम्यात "चालकाचा ताबा सुटला" असे लिहिले जाते. ताबा का सुटला हे लिहायला जागा नसते. झोपलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर जात नाही, गाडी आहे त्या वेगाने जाऊन आदळते, मग तो अतिवेगच ठरतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक रात्री उलटला आणि मालावर बसून परतणारे निदान १५ मजूर ठार झाले. त्या अपघाताचे कारण झोप होते, असे मला म्हणायचे नाही. पण शेतमाल, रात्र, आणि दिवसभर राबलेली माणसे हे तिन्ही एकत्र येतात तेव्हा किती जिवांचा प्रश्न असतो, हे आपल्या भागाला नव्याने सांगायची गरज नाही.

हिशेब मांडून पाहू

भरलेल्या ट्रकची सरासरी, घाट, नाके, गर्दी धरून, तासाला ४० किलोमीटर धरा. हजार किलोमीटरला २५ तास. एकच ड्रायव्हर आणि ८ तासांचा दिवस, तर गाडी चौथ्या दिवशी पोचेल. कोणी म्हणेल, मग केळी विकायची कशी? प्रश्न बरोबर आहे. म्हणून दोन ड्रायव्हरचा हिशेब मांडू. सोमवारी संध्याकाळी सातला गाडी निघाली. पहिल्याने आठ तास चालवली, दुसऱ्याने आठ तास. मधल्या थांब्यांसकट मंगळवारी दुपार होते. मग गाडी उभी, रात्री आठपर्यंत दोघांनाही विश्रांती. पुन्हा निघून उरलेले नऊ तास दोघांनी वाटून घेतले की बुधवारी पहाटे-सकाळी दिल्ली. व्यापाऱ्याने सांगितलेली "परवा सकाळ" तीच. नियम पाळूनही माल त्याच बाजारात लागतो.

मात्र या हिशेबाला एक अट आहे. सोमवारी संध्याकाळी सातला जो पहिला ड्रायव्हर स्टेअरिंगवर बसला तो दिवसा झोपलेला हवा. ती झोप देणे न देणे दिल्लीच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.

दुसऱ्या ड्रायव्हरचा खर्च कोणी करायचा, हा पुढचा प्रश्न. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो भाडे पुरत नाही, व्यापारी म्हणतो भाडे वाढले तर भावातून कापीन. शेतकऱ्याला ही भीती खरी वाटते, कारण शेवटी सगळे आपल्याच घडावर येते. तरी आकडा मांडून बघा. समजा दुसरा ड्रायव्हर आणि थांब्याचे मिळून एका खेपेला तीन हजार रुपये जास्त लागले. गाडीत दीडशे क्विंटल माल असेल तर क्विंटलमागे वीस रुपये. बऱ्हाणपूरच्या आणि आपल्या भावात एका दिवसात याहून मोठा फरक पडतो आणि आपण तो सोसतो. उलटलेल्या गाडीतल्या मालाचे पैसे बुडाले तर त्याच्या वसुलीला किती चकरा माराव्या लागतात, हे ज्याच्यावर आले त्याला विचारा. एके काळी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक असावेत आणि दुसऱ्याला आडवे होता येईल अशी बैठक केबिनमध्ये असावी, अशी अट होती. त्या वेळच्या अधिकाऱ्यांनाही हाच हिशेब कळला होता, असे दिसते.

आणखी एक गंमत. ज्या मालाला ई-वे बिल लागते त्याची मुदत सरकारने २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरली आहे. हजार किलोमीटरला पाच दिवस. ताज्या फळांना हे बिल लागत नाही, म्हणून आपल्याला ही मुदत माहीत नाही. सिमेंटच्या गोणीला पाच दिवस आणि केळी नेणाऱ्या माणसाला दीड!

घाई मालाची की आपली

इथे मला माझ्या विषयाचे थोडे बोलले पाहिजे. केळी नाशवंत आहे, म्हणून ड्रायव्हरने थांबता कामा नये, असे आपण म्हणतो. केळी नाशवंत खरीच, पण ती किती तासांत नासणार हे कापणीच्या वेळी ठरते. लांबच्या बाजाराला घड ७५ ते ८० टक्के पक्वतेला कापावा, असे आम्ही सांगत आलो आहोत. कड अजून दिसत असलेले, हिरवे, कडक फळ प्रवासात टिकते. आपल्याकडे होते असे की भाव पडलेला असला की शेतकरी थांबतो, फळ पूर्ण गोल होते, आणि भाव चढला की एकाच आठवड्यात सगळ्यांच्या बागा कापायला निघतात. त्या गर्दीत जास्त झालेला माल गाडीत चढतो. त्यात एखादी फणी पिवळी पडली की तिच्यातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या हिरव्या फण्यांनाही पिकवायला लागतो. मग ड्रायव्हरला सांगायचे, "गाडी थांबवू नको, माल पिकतोय." माल आपण पिकवलेला असतो.

दुसरे उन्हाचे. मे महिन्यात दुपारी कापलेला घड उन्हाची ऊब घेऊनच गाडीत जातो आणि ताडपत्रीखाली ती ऊब कोंडते. फळ जितके गरम तितका त्याचा श्वास जोरात आणि तितके ते लवकर पिकते. पहाटे कापून, सावलीत ठेवून, मधे हवा खेळेल असा भरलेला हिरवा माल एक मुक्काम जास्त काढतो. जिथे फण्या करून, धुऊन, क्रेट किंवा खोक्यात भरून माल जातो तिथे तर गाडी तासा-दोन तासांत भरून होते, ड्रायव्हरला दिवसभर शेतात बांधून ठेवावे लागत नाही. केळी १३-१४ अंश तापमानाला सर्वांत चांगली टिकते. वातानुकूलित गाड्या परवडणाऱ्यांनी जरूर वापराव्यात, पण बाकीच्यांना पहाटेचा गारवा फुकट आहे.

एक उलटी बाजूही आहे. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुके पडते. त्या दिवसांत माल पिकण्याची घाई नसते, तरीही "परवा सकाळ" बदलत नाही. समोरचे दहा हात दिसत नसताना गाडी पळवायला लावणारी ती कोणती नाशवंतता, हे मला समजलेले नाही.

बाहेरच्या देशांत

युरोपीय संघात ट्रकचालकाला दिवसाला ९ तासच गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा १० चालतात. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटे थांबावेच लागते. आठवड्याला ५६ आणि दोन आठवडे मिळून ९० तास ही कमाल. हे ड्रायव्हरच्या इमानावर सोडलेले नाही, गाडीत टॅकोग्राफ नावाचे यंत्र असते, ते चाक फिरल्याची नोंद ठेवते. अमेरिकेत १० तास सुटी झाल्यावर ११ तास चालवण्याची मुभा आहे, पण तीही काम सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत. या १४ तासांत गाडी भरण्याचा, ताटकळण्याचा वेळही धरला जातो. तिथे डिसेंबर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचे होत गेले. आपल्याकडे ट्रकला वेग रोखणारे यंत्र बसवावे लागते. तास मोजणारे नाही.

अमेरिकेची एक गोष्ट मात्र शेतकऱ्यांनी मुद्दाम ऐकावी. तिथे पेरणी-काढणीच्या हंगामात शेतमाल नेणाऱ्या गाडीला, माल भरल्या जागेपासून सुमारे २७८ किलोमीटरच्या आत, हे तास लागू होत नाहीत. शेतकरी संघटनांच्या रेट्याने मिळालेली ती सवलत आहे. उद्या आपल्याकडे तासांची अंमलबजावणी कडक झाली तर अशीच सूट मागितली जाईल, आणि मागणाऱ्यांत आपण पुढे असू. मला ती मागणी पटत नाही. आपल्या भागातून तेवढे अंतर म्हणजे जवळजवळ इंदूरपर्यंतची मजल, आणि दिवसभर भरणीत जागलेला ड्रायव्हर याच टप्प्यात डुलक्या घेतो. पावसात माल अडकला, रस्ता बंद पडला, अशा अनपेक्षित अडचणीसाठी सवलतीची सोय कलम ९१ मध्ये आहेच, राज्य सरकारला ती देता येते. तेवढी पुरे.

पिकअपवाली पोरं

ट्रकचे झाले. पण गावागावांत आता आपल्याच पोरांच्या पिकअप गाड्या आहेत. भाजीपाला, पपई, कलिंगड भरून रात्री निघायचे, पहाटे सुरत किंवा वाशीच्या बाजारात उतरवायचे आणि दुपारी परत शेतात. साडेसात टनांच्या आतली मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केले. ते सोयीचेच झाले. पण त्यामुळे दिवसा बागेला पाणी देणारा आणि रात्री तीन-चारशे किलोमीटर गाडी मारणारा माणूस एकच झाला. तो स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर. कामगाराचे तास मोजणारा कायदा त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याला थांब म्हणणारे कोणी असेल तर ते घरातलेच. अशा पोराला रात्री बाजाराला जायचे असेल तर त्या दिवशी दुपारी पाणी द्यायला दुसरा माणूस लावा आणि त्याला चार-पाच तास निजू द्या. एवढे घरात ठरवायला कोणाची मंजुरी लागत नाही.

रेल्वेचे उदाहरण आपल्या दारात आहे. रावेर, सावदा, निंभोरा स्थानकांतून केळीच्या वॅगनी दिल्लीला जात असत, तेव्हा माल तोच, अंतर तेच. पण भुसावळला ड्रायव्हर-गार्ड बदलतात हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. तिथे कोणी म्हणत नाही की त्याच ड्रायव्हरने दिल्लीपर्यंत गाडी न्यावी.

गावाला करता येण्यासारखे

कापणीची वेळ आदल्या दिवशी पक्की करा आणि कापणीवाले हजर होतील त्याच वेळेला गाडी बोलवा. गाडी शेतात एकदाच लागेल अशी जागा ठरवली, की पुढे-मागे करायला ड्रायव्हरला उठवावे लागत नाही. शेतावर झाडाखाली एक खाट आणि पिण्याचे पाणी, यात खर्च काही नाही. क्लीनरला परवाना नसताना "तू जरा घे पुढे" म्हणू नका, त्याने बांधावरची पोरे चाकाखाली आल्याची उदाहरणे आहेत. काट्याच्या पावतीवर वेळ छापून येते. गाडी शेतात किती वाजता आली हे त्याच पावतीमागे हाताने लिहून शेतकरी, मुकादम आणि ड्रायव्हर तिघांनी सही करावी. उद्या व्यापाऱ्याने उशिराबद्दल ड्रायव्हरचे पैसे कापले किंवा आपल्या भावातून वजा केले, तर उशीर कुठे झाला याचा कागद हाती राहतो. शक्य असेल तिथे सौद्यातच "परवा सकाळ" ऐवजी "तेरवा सकाळ" बोलून घ्यावे, विशेषतः एकच ड्रायव्हर असलेल्या गाडीला. २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. पण आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या जुन्या आहेत आणि पुढची कित्येक वर्षे त्याच येणार आहेत. त्यांना सावलीच लागेल.

ग्रामपंचायतीने काट्याजवळ किंवा फाट्यावर गाड्या उभ्या करण्यापुरती मोकळी जागा, एक दिवा, नळ आणि शौचालय एवढी सोय केली, तर रात्री निघण्याऐवजी पहाटे निघणाऱ्या गाड्यांना थांबायला ठिकाण होईल. सध्या गाडी रस्त्याच्या कडेला लावली की डिझेल चोरीला जाते, म्हणून ड्रायव्हर थांबतच नाही, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली. ग्रामसेवक आणि सरपंचांनी हा विषय पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घालावा. बाजार समितीकडेही काट्याच्या वेळा वाढवून मागता येतील, म्हणजे संध्याकाळची रांग तुटेल. कांदेबागेची कापणी सुरू होण्याच्या आत हे झाले तर बरे. ग्रामसभेपुढे विषय मांडायला साध्या कागदावरचा अर्ज चालतो.